भावे प्रयोग

तोर्गुन बाई कपाट रिकामं करतायत.
वर्ग एक, मुलं अकरा.
खिडकीबाहेर फ्योर्ड, आणि दांड्यांवर वाळत टाकलेले कॉड मासे,
जोडीजोडीनं शेपटीला बांधलेले,
डोकी आधीच उतरवलेली.

तळाशी सगळ्यात जुना अभ्यासक्रम,
तपकिरी पुठ्ठा, दिव्याच्या तेलाचा वास.
'मुलास शिस्त लावावी. मुलास ओळीत बसवावे.
विचारल्यावाचून मुलाने बोलू नये.'
मूल प्रत्येक वाक्यात आहे,
पण क्रियापद त्याच्याकडे बघत नाही.

बाईंची आई इथंच शिकली.
घरची सामी बोली
बुटांसारखी दाराशी काढून ठेवायची,
आणि परत जाताना
कधीकधी बूटच फक्त घालायची.

वर निळा पुठ्ठा. बाई तेव्हा सात वर्षांच्या.
'मुलांना वाव द्यावा.'
किती, ते लिहिलेलं नाही.
त्यांच्या वाट्याला फळ्याचा खालचा भाग आला होता,
पुसायला.

आताच्याला पुठ्ठाच नाही, पडद्यावर सरकतो.
'मूल प्रश्न विचारते. मूल मत मांडते. मूल ठरवते.'
पहिल्यांदा आला तेव्हा रिकाम्या वर्गात
बाईंनी तो मोठ्यानं वाचला होता.
कर्ता! एवढ्या वर्षांनी.

आणि मुलांनी ठरवलंही.
गणिताचा तास बुधवारी धक्क्यावर, ओहोटी मोजत.
रिस्तेन म्हणाली, पणजीचे शब्द भिंतीवर हवेत.
मतदान झालं, सात विरुद्ध चार.
खिडकीखाली पट्टी लागली: 'गुओल्ली', मासा.
विरोधातल्या चौघांनीच ती रंगवली.

मग पत्र आलं, अकरा मुलांसाठी शाळा परवडत नाही.
अकरा जणांनी अकरा उत्तरं लिहिली.
ओयस्टाइनचं एका ओळीचं:
बोटीत मला उलटी होते.
नगरपालिकेत सभा झाली. मुलांना खुर्च्या मिळाल्या,
सरबत, नावाच्या पाट्यासुद्धा.

आज इतिवृत्त आलंय. मुद्दा सातवा:
'मुलांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.
शाळा बंद करण्यात येत आहे.'

कुणी ऐकलं? रिस्तेन विचारते.
बाई ओळीवरून बोट फिरवतात,
एकदा, परत एकदा.
मुलं आहेत. म्हणणं आहे. ऐकणंही आहे.

ओयस्टाइन तेवढ्यात स्टुलावर चढलाय,
'गुओल्ली'ची पट्टी नखानं सोडवतोय,
कोपरा फाटू न देता,
कुणालाही न विचारता.