नववा रकाना

जालन्याच्या एमआयडीसीत, भट्ट्यांच्या वाटेवर
वजनकाट्यावर बसायचे माझे पप्पा, शांतवन बोर्डे.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी,
खाली सही.
पावसाळ्यात काट्यावरचा चिखल स्वतः खराट्यानं काढायचे.
आधी शून्य आणा, म्हणायचे, मग तोला.

घरी त्यांची एक वही होती, दहा रकान्यांची,
पट्टीनं आखलेली.
रात्री जेवण झालं की एकेका आज्ञेपुढं
लाल रिफिलनं बरोबरची खूण.
आई ताटं घासता घासता म्हणायची,
"देवाला बी पावती दाखवणार का हो?"
ते हसायचे नाहीत.
चौथीत मी पहिली आले, तेव्हा
मला आपलं वाटून गेलं,
आपल्याला कुठल्या रकान्यात धरलंय?

मग ती भंगाराची गाडी आली.
प्रिंटरची रिबन संपलेली, पावती हातानं लिहिली.
आठ टन माल कमी भरला.
मालकानं विचारलं, पप्पा म्हणाले,
काटा खोटं बोलत नाही.
चाँदपाशानं वाटेत माल विकला, असं ठरलं
आणि त्याच्या हातातून चावी काढून घेतली.

पाचव्या दिवशी मशीनमधले जुने आकडे चाळताना
पप्पांना दिसलं: एकोणतीस.
पावतीवर त्यांच्या हातचे एकवीस.
काटा खरंच खोटं बोलला नव्हता.

पुढचे सहा दिवस ते गप्प.
वहीत खुणा चालूच,
फक्त नवव्या रकान्यात,
खोट्या साक्षीच्या,
रिफिल टेकवल्याचा एक ठिपका.
असे सहा ठिपके आहेत. मी मोजलेत.

रविवारी देवळाची घंटा झाली.
कोट घातलेले पप्पा उपासनेला न जाता
कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडं गेले.
चाँदपाशा दारात स्टोव्हची पिन करत बसला होता.
सगळं ऐकून घेतलं त्यानं, मान वर न करता.
"आकडे मैं देखा था, मास्टर. केबिनमें से. लाल लाल.
बोलता तो तुम्हारी नौकरी जाती.
पोट्टे हैं तुम्हारे बी."
आणि आत बघून म्हणाला, एक ताट वाढ.

आंबट चुक्याची डाळ होती, ज्वारीची भाकर.
एवढं पप्पांनी आम्हाला सांगितलं.
घास गिळला कसा, ते नाही.

सोमवारी त्यांनी मालकापुढं पावती ठेवली.
महिन्याचा पगार गेला, चाँदपाशाची चावी परत आली.
कुणी म्हणालं, माफ झालं होतं की, मग कामून गेलात?
पप्पा म्हणाले, माफ झालं म्हणूनच तर.

वही त्या रविवारीच थांबलेली आहे.
पण पप्पा थांबले नाहीत.
सत्तावीस वर्षं तोच खराटा, तेच शून्य,
दर रविवारी देऊळ.
उलट खोटं बोलताना आम्ही सापडलो
तर आता आधी जेवायला बसवायचे.
आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्यांना पुरून आता दुसरं वर्ष.
वहीच्या कोऱ्या पानांवर मी दुधाचा हिशेब लिहिते.
दोन लिटर, दीड लिटर, सणाला तीन.
गवळी रोज माप झाल्यावर
वरून पावशेर ओततो, न विचारता, न सांगता.
रकाने अजून दहाच आहेत.
ते वरचं दूध
मी कुठंच लिहीत नाही.
भांडं मात्र घासून ठेवते.