इतर हक्क

जमीन तुमचीच राहील, बाई,
निमजे साहेब म्हणाले,
आम्हाला फक्त तिच्यावरचं आभाळ लागेल.
पस्तीस मीटर रुंद.
लांबीचं विचारू नका, ती फार दूर जाते.

धान लावा, लाखोळी टाका, कोणी अडवणार नाही.
झाड नको. विहीर नको.
धानाचं पुंजणं रचाल तर बुटकं रचा.

टॉवरचे चार पाय पडले हेमराज कापगत्यांच्या बांधीत,
माझ्या वाट्याला नुसत्या तारा.
त्यांचा दर वेगळा, कमी.
आभाळ मोजलं त्यांनी जमिनीवरच,
फीत धरून, चुन्याच्या दोन रेघा मारून.
धुऱ्यावरचा मोह रेघांच्या मधे आला.

झाडांचा छापील तक्ता होता त्यांच्याजवळ:
आंबा, चिंच, सागवान, बांबूचं बेट.
मोह नव्हता.
फळझाड धरायचं की इमारती?
तलाठी हटवारांनी टोपी वर सारली, म्हणाले, इतर.
वय?
सासू नवी नवरी होती तेव्हाही
त्याची एक फांदी बोडीवर वाकलेली होती, मी सांगितलं.
साठ, असं लिहिलं.
घेर सात फूट दोन इंच.
उत्पन्न?

फाल्गुनात बुडाखालचा पाला जाळायचा,
माती झाडून अंगणासारखी करायची,
मग अंधार असताना जाऊन बसायचं.
एक पडतं, थांबतं, मग दोन,
उजाडेपर्यंत टोपलं जड होतं
आणि हाताला वास राहतो तो भाकरीत उतरतो.

किलोत सांगा, बाई.
सांगितलं. एक पोतं मी वाढवलं, दीड त्यांनी कापलं.

मग विचारलं,
या झाडावर आणखी कोणाचा हक्क?
पेन थांबलेला. ऊन डोक्यावर.
मी म्हटलं, नाही.

उगवतीकडच्या फांद्या भागरताच्या.
भागरता मडावीच्या, तिच्या आधी तिच्या आईच्या.
कोणी दिल्या, कशाबद्दल, मला ठाऊक नाही.
सासूनं पहिल्याच वर्षी
खराट्याच्या काडीनं मातीत रेघ ओढली होती:
इकडचं वेच, तिकडचं शिवू नको.
भागरताची पायवाट माझ्या तीन बांध्यांतून जाते,
माझं जास्तीचं पाणी तिच्या बांधीत उतरतं.
सातबाऱ्यावर यातलं काही नाही.
इतर हक्काचा रकाना इतकी वर्षं कोरा होता,
आता तिथं कंपनी आहे.

झाड दीड तासात पडलं.
पैसे दिवाळी झाल्यावर आले,
पट्ट्याचे वेगळे, मोहाचे वेगळे.
मोहाचे निम्मे काढून मी भागरताकडे गेली.
निम्मे नाही. खरं सांगते, तिसरा हिस्सा.

तिनं थुंकी लावून दोनदा मोजले.
फुलाचे का टोळीचे?
दोन्हीचे, मी म्हटलं.
अन् सावलीचे?
मी दाराच्या कडीकडे पाहत राहिली.
अन् माहा रस्ता? तो आहे का गेला?
आहे ना, काहून जाईन?
मग ठीक, म्हणाली,
आणि एक नोट माझ्या हातात परत दिली.
कशाची, ते सांगितलं नाही.
लाखोळीच्या डब्यात ठेवली आहे, मोडली नाही.

धुकं असलं की तारा गुणगुणतात.
हेमराज म्हणतो, सवय होते. त्याला झाली असेल.

भागरता आता मोहाला जंगलात जाते, दीड कोस आणखी.
चैत्रात पहाटे मी तिला पाहते,
टोपलं डोक्यावर, माझ्या बांधीच्या पारीवरून येते,
बुंध्याजवळ आली की डावीकडे होते,
फांदी कपाळाला लागू नये
म्हणून मान थोडी खाली घालते,
आणि पुढं निघून जाते.