मोडून पाहताना

फाल्गुनात आसगंध उपटायला काढला
तेव्हा आमच्या चारी बांधांपलीकडे केळीच केळी,
ठिबकच्या नळ्यांवर पोसलेली,
आणि मधे आमचं हे दोन एकर
पिवळं, कोरडं, मुद्दाम तहानलेलं ठेवलेलं.
यावलच्या रस्त्यानं जाणारे अजून विचारतात,
‘भारंब्यांनी यंदाही गवतच ठेवलं का?’

आजोबा फैजपूरला एका वैद्याच्या दुकानात
चाळीस वर्षं पुड्या बांधत होते.
सुटीला येताना सदऱ्याच्या खिशातून
कधी बी आणलं, कधी ओल्या फडक्यात एखादं कांडं.
बाबा रावेरला केळीच्या वॅगनी भरून घेतात,
तुळस सोडली तर त्यांना काही ओळखू येत नाही.
मळा आईला कुणी दिला नाही, तिनं मागितला नाही.
ती पाणी धरायला जात राहिली, एवढंच.

मी जळगावची नोकरी सोडून आले
ते ओलावा मोजायचं यंत्र घेऊन.
आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं.
‘याला नाक कुठं हाये वं?’

तिचं नाक आसपासच्या पाच गावांत ठाऊक.
डोळे मिटून सांगायची,
कोणती मुळी चोपण जमिनीतली, कोणती मागल्या सालची,
कोणत्या पोत्यात उंदीर शिरून गेला.

यंदा नीमचचा व्यापारी आला.
ओट्यावर पोतं ओतलं.
आईनं एक मुळी उचलली, नाकाशी नेली,
आणि मग कट्कन मोडली,
कानाजवळ.
‘दोन दिवस अजून लागतीन.’
मी यंत्र लावलं. बारा टक्के.
दोन दिवस लागणारच होते.
व्यापाऱ्यानं मान डोलावली, चहा मागितला.
मी तिच्या हाताकडे पाहत राहिले.

मग एकेक आठवत गेलं.
दिवाळीनंतरचा तो आठ दिवसांचा ताप.
करपलेली फोडणी, तशीच वाढलेली.
तळाला लागलेलं दूध,
ज्याच्यापाशी ती बसूनच होती.

विचारलं काही नाही.
संध्याकाळी वाळवणावर ताडपत्री ओढताना
मी आपली मोठ्यानं बोलत सुटले,
जसं काही कुत्र्याला सांगतेय:
आज आसगंधाला बैलाच्या झुलीचा वास येतोय,
घाम वाळलेल्या.
शतावरीला नुकत्या धुतलेल्या पाटीचा.
भुईनिंबाला वासच नाही,
त्याचं सगळं म्हणणं जिभेशी.
आई ताडपत्रीच्या काठावर दगड ठेवत होती.
एक दगड बराच वेळ तिच्या हातातच राहिला.

तेव्हापासून रोज.
ती खुरपते, मी सांगते.
‘झुलीचा म्हणे! तू झूल पाह्यली तरी का वं?’
नाही पाहिली. जन्मभर ट्रॅक्टरच पाहिला.
मग म्हणते, बरं, गोणपाटाचा.
‘कोरड्या का ओल्या?’
इथं मी अडते. पुन्हा हुंगते.
इतकं बारीक कधी हुंगलंच नव्हतं काही,
ती होती ना हुंगायला.

काल मोटारीच्या पाटाकडेचं वेखंड काढलं.
चिखल धुतला, कांडं कापलं.
म्हटलं, हा ट्रंकेचा वास,
तळाशी स्वेटर ठेवलेल्या जुन्या ट्रंकेचा.
‘नाही,’ आई म्हणाली,
कांडं हातात न घेता, माझ्याकडे न बघता.
‘तुझ्या टाळूचा.
सव्वा महिना रोज लावेल होतं.’

मी चाकू तसाच धरून.
तिनं पुढचा गड्डा माझ्याकडे सरकवला:
‘तंतू नीट काढ. माती वजनात धरत नाही तो.’