बिल्डिंग १४, पाण्याची मोटर

ग्रुपचं नाव अजून तेच आहे.
बदलायचं म्हटलं की कुणीतरी विचारायचं, काय ठेवायचं मग?
आणि तो एक शब्द
कुणालाच स्वतःच्या हाताने टाइप करायचा नव्हता.

आधी एवढंच असायचं :
मोटर चालू. मोटर बंद.
जिन्यात कुणाची निळी बादली राहिलीय.
मग एका रात्री पावणेदोनला
सहाव्या मजल्यावरच्या जोगदंडांच्या किसनाने लिहिलं,
‘लघवी लाल होतेय. मरतोय का मी?’
लिहिलं आणि पुसलं.
पण मी जागी होते, लग्नाच्या साड्यांना फॉल लावत.
पुसायच्या आत वाचून झालं होतं.

‘नाही रे. गोळीचा रंग आहे तो.
माझीही व्हायची.’
सगळ्यांसमोर लिहिलं.
सासरी चार वर्षं ‘ॲसिडिटी’ सांगत आलेली बाई मी,
सुई बोटात घुसली तरी कळलं नाही.

उजाडेपर्यंत पाच जणांचं आलं, माझीपण.
शमशादआपांचं. सेल्वीच्या नवऱ्याचं.
दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं,
जे जिन्यात भेटले की तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळायचे
आणि आम्ही म्हणायचो, केवढा हा गर्व.

मानखुर्दला आमच्या दोन इमारतींमधून
हात लांब केला तर समोरच्यांची खिडकी लागते.
ऊन येतं दुपारी, वीस मिनिटं,
भाडं थकलेल्या माणसासारखं भिंतीला चिकटून.
डॉक्टर सांगतात, हवा खेळती ठेवा.
कुठे खेळेल? तिला उभं राहायला जागा नाही.

फेब्रुवारीत दवाखान्यात
महिन्याच्या ऐवजी तीन दिवसांच्या गोळ्या मिळायला लागल्या.
मग एका दिवसाच्या.
मग ‘सोमवारी बघा’.
आपा म्हणाल्या, तोंडाने किती सांगणार,
रिकामं पाकीट ठेवा, शेजारी तारीख लिहा, फोटो टाका.
सत्तावीस दिवस. एकशे बारा फोटो.
कुणाच्या पाकिटाखाली पोळपाट, कुणाच्या खाली चौथीची गणिताची वही.
किसना दर वेळी उशीवर ठेवून काढायचा.

वॉर्ड ऑफिसात साहेब म्हणाले, साठा पुरेसा आहे.
सेल्वीने फोन टेबलावर ठेवला
आणि एक शब्द न बोलता
अंगठ्याने फोटो सरकवत राहिली.
एक. मग एक. मग एक.
साहेबांच्या चहावर साय धरली.
‘बॅटरी संपेल हो तुमची,’ ते म्हणाले.
‘दुसरा फोन आणलाय,’ आपा म्हणाल्या.

गुरुवारी खोकी आली. अर्धीच.
किसनाला तोवर दुसऱ्या, जड गोळ्या लागल्या होत्या
आणि त्या ह्या अर्ध्यात नव्हत्या.

पुन्हा गेलो. पुन्हा फोटो.
त्याही आल्या, मेच्या शेवटी.
उशीर हा शब्द मी कापडाबद्दल वापरते,
गिऱ्हाइकाला सांगते, दोन दिवस उशीर होईल.

जूनच्या नऊ तारखेला त्याच्या नंबरवरून
त्याच्या आईने आवाज पाठवला. तिला लिहिता येत नाही.
अकरा सेकंद.
त्यात ती बोललीच नाही.
पंखा ऐकू येतो, आणि शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी.
कुणीही जोडलेले हात टाकले नाहीत.
लिफ्ट बंद होती. सगळे चालत सहाव्यावर गेलो,
मास्तर प्रत्येक मजल्यावर टेकत,
रुमाल खिशात.

त्याचा नंबर मी काढला नाही.
मोटरची किल्ली आता कलावतीबाईंकडे असते.
रोज पहाटे साडेपाचला किसनाच्या नावाखाली
त्यांचा आवाज येतो :
‘मोटर चालू केलीय, पाणी भरून घ्या.
गोळ्या घेतल्या का?’
घेतली, घेतली, आम्ही एकेक कळवतो.
ज्याचं उत्तर येत नाही
त्याच्या दारात त्या सहाला उभ्या असतात,
हातात पाण्याचा तांब्या.