कानानं

भेरूघाटाच्या शेवटच्या वळणावर
क्लचची केबल तुटली.
आवाज मोठा झाला नाही,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच.
पाय जो खाली गेला तो गेलाच.

रात्रीचा दीड. मागे मॅटॅडोरमध्ये
बडवाह्याच्या लग्नातली खरकटी पातेली,
अकरा झारे, उरलेल्या श्रीखंडाचा डबा,
आणि शेजारी इद्रिसचाचा,
बाबांच्या वेळचे भट्टीवाले,
कानांवरून मफलर.

मी म्हटलं, थांबू या, सकाळी बघू.
"थांबी तो गई, बेटा.
चल रही है तो चलने दे."
आणि त्यांनी मफलर सोडला.

"ॲक्सिलरेटर छोड. एकदम नहीं.
दूध वर येताना बर्नर उतरवतेस ना, तसा.
अब खींच."
दांडा लोण्यातून आल्यासारखा आला.
"अब रुक. सुन."

मधल्या जागेत गाडी कुणाचीच नसते.
चाकं त्यांच्या वाटेनं,
इंजिन आपल्यापाशी गुणगुणत
खाली उतरत जातं,
आणि उतरताना एका ठिकाणी
दोघांचा वेग एक होतो.
तिथंच आत जायचं. आधी नाही, नंतर नाही.

मी आधी गेले.
गिअरबॉक्सनं दात खाल्ले.
मग उशिरा गेले. पुन्हा दात खाल्ले,
मागे झारेही खणखणले, त्यांच्या बाजूनं.
तिसऱ्यांदा हात नुसता ठेवला
आणि तिसरा गिअर
चप्पल दारात काढून यावा तसा आला.

चाचांचा डावा कान भट्ट्यांच्या फरफरीनं
केव्हाच नेलेला.
आमच्या दोघांमधल्या इंजिनाच्या तापल्या झाकणावर
त्यांनी तळवा ठेवला होता.
मला वाटतं, ते तिथून ऐकत होते.

सिमरोळ गेलं. एक कुत्रं थोडं धावलं.

बाबा बोलायचे असेच:
"भिया, वो मोठी परात घे, और सांभाळून!"
मराठी कुठं सुटली, हिंदी कुठं लागली,
झटका बसायचा नाही.
पुण्याच्या मामी हसायच्या.
त्यांना दर शब्दाला पाय दाबायची सवय.

बाबांना नेलं त्या गुरुवारी
लोकमान्यनगरात अडीचशे पानं ठरलेली होती.
चाचांनी भट्टी पेटवली.
मी सुतकातली, फाटकाबाहेर उभी राहून
मीठ किती ते सांगत होते.
सकाळपर्यंत बँकेतली कारकून, दुपारी ही.
मध्ये दाबायला काही नव्हतंच.

तेजाजीनगरला ट्रकांची रांग, उतरायला हवं.
उतरताना उलटं असतं:
मध्ये आल्यावर इंजिनाला एक हाक मारायची,
ते वर आलं, की खालचा गिअर.
चाचा काहीच बोलले नाहीत.
एवढी शाबासकी त्यांनी माझ्या जिलब्यांनाही दिली नव्हती.

भंवरकुव्याला लाल दिवा.
रस्त्यावर कुणी नाही,
उद्याच्या पोह्यांची गाडी धुणारा एक मुलगा सोडून.
"निकल जा," चाचा म्हणाले.
मी थांबले. नियमासाठी नाही,
थांबता येतं का ते बघायला.

किल्ली बंद.
घाटापासूनचा सगळा आवाज
एकदम कुठंतरी जाऊन बसला.
मागे एक झारा सावकाश घरंगळला.

हिरवा. पहिल्या गिअरमध्येच किल्ली फिरवली,
आणि सेल्फनं सगळं वऱ्हाड ओढलं,
खोकत, ठेचकाळत,
चाचांचं डोकं टपाला लागेपर्यंत.
पोहेवाला टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सियागंजात केबल टाकून घेतली.
मजुरी धरून तीनशे चाळीस.
आता क्लच मऊ दबतो.
"पैर को आराम है?" चाचा विचारतात.
हो म्हणते.

पण तिसरा घालताना हात अजून
मध्ये जरासा रेंगाळतो,
काही ऐकू येतंय का बघत.

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मात्र सापडलं नाही.
बहुतेक घाटातच पडलं,
मी दुसऱ्यांदा उशीर केला तेव्हा.