एकशे त्रेचाळीस ओळी

टार्टूत फेब्रुवारी. नदी गोठून पंधरा दिवस झाले.
टेबलावर राईच्या पावाचा चुरा, गार कॉफी,
पडद्यावर एक फाइल,
जिला आठ वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

एकशे त्रेचाळीस ओळी.
रांगेत किती कामं खोळंबलीत, किती वेळ,
एवढंच मोजतात दर दहा सेकंदांनी,
आणि कोणी विचारलं तर सांगतात.
कोणी विचारत नाही.

नवी आवृत्ती काढायला बसलं
की हिच्यापायी तीन चाचण्या लंगडतात.
असून अडचण.
नसून खोळंबा कोणाचा, ते मात्र कळत नाही;
सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या या फाइलीकडे
कोण बघतं, हे मोजायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

यूलोला फोन केला. लिहिलेली त्याची.
तो आता सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो.
"ती अजून आहे?" म्हणाला, आणि इतका हसला
की वाटलं, पेट्यांतल्या माश्या हिवाळ्यातच जाग्या होतील.
"सर्व्हर रात्रभर पडत होता,
लीस तापाने फणफणलेली, मांडीवर.
एका हाताने लिहिली गं.
काढून टाक, मारिका."
मग जरा थांबून,
"एका हाताने लिहिलीय, हे दिसतं का त्यात?"

दिसतं.
नावं सगळी आखूड आहेत.

काढणार म्हणून जाहीर केलं. महिनाभर चिडीचूप.
नदीवरचा बर्फ कडांनी काळा पडू लागला तेव्हा
व्होरूच्या दूधसंघातून कोणा वेल्लोचं पत्र आलं:
आमच्या गार टाकीची घंटा
तुमच्या त्या आकड्याला बांधलेली आहे.
सहा वर्षांत दोनदा वाजली.
दोन्ही वेळा दूध वाचलं.

दोनदा.
भागिले सहा वर्षांतले सगळे दहा-दहा सेकंद...
हिशेब मांडला, आणि उत्तर यायच्या आत पुसला.

शेवटी काढलीच.
पण तिला वेगळी चूल मांडून दिली,
स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता,
आणि राखणीला वेल्लो. तो लिहितो,
कोड मला जेमतेम कळतो,
पण आजारी गाय लांबूनही ओळखतो.

आता चाचण्या सरळ चालतात.
रात्री दोनला जाग येते तेवढी.
व्होरू इथून सत्तर किलोमीटर,
घंटा काही इथवर ऐकू येणार नाही.
वाजली तर कळवतो, म्हणालाय.
अजून कळवलेलं नाही.