बुडीत येणे

नववी ब च्या मागच्या भिंतीला लोखंडी कपाट.
त्यावर ऑइलपेंटनं: विद्यार्थी भांडार. वेळ, मधली सुट्टी.
धारूरच्या बाजारात वही वीसला,
आमच्याकडे अठरा.
खरेदी पंधरा.
"मग वरचे तीन कुणाचे?" नखाते सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.
कुणी म्हणालं तुमचे, कुणी म्हणालं हेडसरांचे.
"कपाटाचे," सर म्हणाले.
तेव्हा कळलं,
कपाटालाही पोट असतं.

मी खजिनदार. रुखसार मुलाणी, दर शनिवारी सही,
आणि रकमेखाली दोन रेघा,
मागून कुणी शून्य घुसडू नये म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर परमेश्वर सानप आला.
वही दे म्हणला, आखीव.
पैसे?
मांडून ठेव की.
मांडले.
सुट्टीनंतर त्याचा बाक रिकामा.
त्याची गल्लीच रिकामी, कुलपं एकमेकांकडं बघत बसलेली.
ट्रॅक्टर रात्रीच गेले होते, निपाणीच्याही पलीकडं,
कोयते, कळशा, कोंबड्या
आणि आमचे अठरा रुपये घेऊन.

जानेवारीत बैठक.
विषय क्रमांक तीन: सानप.
सरांनी खडू मोडून अर्धा खिशात ठेवला, मग फळ्यावर लिहिलं:
एक वही बुडाली
की पाच वह्या विकायच्या नुसत्या तिच्यापायी.
पाच पोरं रांगेत उभी राहणार, चिल्लर मोजून देणार,
आणि कपाट उपाशीच.
"तो येईल ना सर," शिवकांता म्हणाली.
"येईल हा आकडा नाही बाई."
हात वर करा. सात विरुद्ध एक.
माझा हात सातांत होता.
लाल शाईनं लिहिलं, बुडीत,
आणि सवयीनं फुंकर मारली.

तो एप्रिलात आला.
उंची वाढलेली, आवाज फुटलेला,
बोटांच्या बेचक्यात पाचटाचे बारीक चरे.
वही टेबलावर ठेवली. तीच.
कव्हर गेलेलं, कडा काळ्या, मधे एक दाबलेली माशी.
आत एकही निबंध नाही.
तारीख. खेप. काट्याच्या पावतीचं वजन.
तारीख. खेप. वजन.
एका पानावर फक्त: आईला ताप, एकटा बाप.
शेवटच्या पानावर बेरीज, खाली दोन रेघा.
(कधी बघितल्या होत्या त्यानं माझ्या रेघा?)

मुकादमाच्या वहीत दोनशे अकरा टन.
ह्याच्या वहीत दोनशे चोवीस.
"मग?"
"मग काय. लई वरडला.
म्हणला, पोराची वही का सरकारी हाय?
पावत्या काढल्या, तवा नऊ टन कबूल केला.
चार खाल्लाच."

नऊ गुणिले साडेतीनशे. माझं तोंडी झालं.
तीन हजार एकशे पन्नास.
अठराच्या वहीनं.
हे कुठल्या रकान्यात लिहू, मी सरांना विचारलं.
सर बराच वेळ खडूच शोधत राहिले.
मग म्हणाले, ते त्याच्या घरचं जमा आहे, आपल्या वहीत येत नाही.
आपल्याकडं फक्त, बुडीत वसूल, रुपये अठरा.
असा रकाना असतो?
असतो, म्हणाले. लोकांना तो आखावा लागत नाही फारसा.

मी आखला. निळ्या शाईनं.
लाल शब्द खोडला नाही, सर म्हणतात खाडाखोड करायची नसते,
चूक असली तरी दिसू द्यायची.

"अजून एक दे," परमेश्वर म्हणाला.
"वीसची झाली."
"वाढली?"
"कागद वाढला."
अठरा आणि वीस, अडतीस.
खिशातून निघाले पस्तीस, त्यात एक नाणं घासून गुळगुळीत झालेलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मी बैठक बोलावली नाही.

सानप परमेश्वर. येणे, रुपये तीन.
काळ्या शाईनं.
तो नव्या वहीच्या पहिल्या पानावर
तेच लिहीत होता, उलट बाजूनं:
देणे.